स्लाइड, कार्ड आणि तिचं मशीन

मशीन आलं त्या दिवशी आमच्या विभागात पेढे वाटले. मी घेतला नाही, शुगर आहे म्हणाले. मला शुगर नाही.

मशीन पीसीआरचं होतं. रक्तात हिवतापाचा जंतू अगदी नावाला असला तरी त्याच्या डीएनएचा तुकडा ते हुडकून काढतं, त्या तुकड्याच्या प्रतीवर प्रती काढत जातं, आणि मग पडद्यावर एक रेघ हळूहळू वर चढायला लागते. रेघ चढली की जंतू आहे. सपाट राहिली तर नाही. त्याच्यासाठी कोपऱ्यातली सामानाची खोली रिकामी केली, एसी बसवला, काचेचं दार केलं. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. आणि त्या खोलीत जिची नेमणूक झाली, त्या मुलीला रक्ताचा थेंब काचेवर कसा पसरायचा हे मी माझ्या हातानं शिकवलं होतं.

मी शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. गारखेड्यातून स्कूटीवर येते-जाते. लग्नाच्या आधीपासून नोकरी इथंच, आणि मलेरियाच्या स्लाइड बहुतेक माझ्याच वाट्याला. काम सांगायला सोपं आहे. पेशंटच्या बोटाला टोचायचं, एका काचेवर जाड थेंब आणि शेजारी पातळ थर घ्यायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि तेलाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. जाड थेंबात जंतू आहे की नाही ते कळतं, पातळ थरात तो कुठला ते कळतं. व्हायवॅक्स असेल तर तांबडी पेशी फुगलेली आणि ठिपक्याठिपक्यांची दिसते. फाल्सिपेरमची कडी बारीक, नाजूक असते, एखाद्या पेशीच्या कडेला चिकटून बसलेली. ती नजरेतून सुटली तर पेशंटच्या मेंदूपर्यंत ताप जाऊ शकतो. डोळे दुखतात, मान धरते. पण एखादी कडी सापडली की अजूनही छातीत काहीतरी लकाकतं.

ती मुलगी आमच्याकडं आली तेव्हा नवी कोरी होती. रोशन गेटकडची. वडलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, घरात शिकून नोकरीला लागलेली ही पहिलीच. पहिल्या दिवशी तिनं थेंब इतका जाड घेतला की तो रंगवताना सगळा धुऊन गेला. मी म्हणाले, "अगं, खालचा पेपर वाचता आला पाहिजे इतपतच जाड ठेवायचा." तिनं माझ्याकडं बघितलं, काच उचलली, वर्तमानपत्रावर धरली आणि दिवसभर तेच करत राहिली. महिन्याभरात तिचे थर माझ्यापेक्षा एकसारखे यायला लागले. मला तेव्हा अभिमान वाटला होता. मी तिला माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी द्यायची, ती रमजानचे दिवस सोडून रोज काहीतरी आणायची. मला ती "ताई" म्हणायची. अजूनही म्हणते.

नोकरी करता करता तिनं एम.एस्सी. केलं. तोवर आमच्या विभागप्रमुख मॅडमना एक अभ्यास मंजूर झाला. तापाच्या प्रत्येक पेशंटचं एकच रक्त घ्यायचं आणि ते तीन पद्धतींनी तपासायचं. एक माझी स्लाइड. दुसरं ते लांबट प्लास्टिकचं कार्ड, ज्यात थेंब टाकला की थोड्या वेळात रेघ उमटते. ते निवासी डॉक्टर करायच्या. आणि तिसरं पीसीआर. एकानं दुसऱ्याचा निकाल बघायचा नाही. शेवटी सगळे निकाल शेजारी ठेवून कोण कुठं चुकतं ते पाहायचं. फक्त पेशंटच्या जिवाला धोका दिसला तर ताबडतोब वॉर्डात कळवायचं, ही एवढी सूट.

मशीनच्या ट्रेनिंगला पुण्याला कोणाला पाठवायचं हे अजून ठरायचंय, असं मला वाटत होतं. मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागायला मी त्या केबिनमध्ये कधी गेले नव्हते.

"मॅडम, ट्रेनिंगला मी जाऊ का?"

मॅडम हसल्या. चांगल्या बाई आहेत, हसल्या तेही प्रेमानंच. "अहो, तुम्ही गेलात तर स्लाइड कोण बघणार? मला तुमचे डोळे तिथंच हवेत. तुमच्याइतकं कोणी बघू शकतं का?"

कौतुकच केलं होतं त्यांनी माझं. मी थँक्यू म्हणाले आणि बाहेर आले. बाहेर ती उभी होती, हातात पुण्याच्या गाडीचं तिकीट. चेहऱ्यावरचा आनंद तिनं माझ्यासाठी थोडा झाकला होता, ते मला दिसलं. त्याचाच मला जास्त राग आला.

पुण्याहून परतली ती वेगळीच भाषा घेऊन. प्रायमर, प्रोब, थ्रेशोल्ड. मॅडमशी बोलताना दोघी तशाच बोलायच्या आणि मी शेजारी उभी राहून काच पुसायची. कोणी पाहुणे आले, बाहेरच्या कॉलेजची मुलं आली, की मॅडम त्यांना थेट काचेच्या दाराकडं न्यायच्या. वाटेत माझ्या टेबलापाशी थांबून म्हणायच्या, "आणि ही आपली जुनी पद्धत." पाहुणे मान हलवायचे. माझ्या टेबलाच्या वरचा पंखा खडखड करायचा. तिकडून एसीची गार झुळूक दार उघडलं की माझ्या पायापर्यंत यायची, दार लागलं की बंद व्हायची.

माझ्या मनात जे यायचं ते मी कधी बोलले नाही. पण मी तिच्या नव्या ॲप्रनकडं बघायची. तिच्या बोटांकडं बघायची, इतक्या बारीक नळीत एवढासा थेंब न चुकता सोडणाऱ्या. डब्याच्या वेळी ती आली की म्हणायची, "ताई, चला ना." मी म्हणायची, "तू जा, माझी एक स्लाइड राहिलीय." कधी खरंच राहिलेली असायची.

घरी नवरा म्हणाला, "तुला पण शिकवतील की. आज ना उद्या." तो जेवत होता. त्याच्या दृष्टीनं विषय तिथं संपला. मुलगी मात्र कान टवकारून ऐकत होती. ती तेव्हा अकरावीत होती. "आई, पीसीआर म्हणजे कोरोनात करायचे तेच ना? तुमच्याकडं आलंय? मला बघायचंय."

मी तिला एका शनिवारी घेऊन गेले. माझ्या मनात होतं की तिला आधी मायक्रोस्कोप दाखवायचा. मी मुद्दाम एक फार सुंदर स्लाइड काढून ठेवली होती, व्हायवॅक्सची, अगदी पुस्तकात छापावी अशी. मुलीनं डोळा लावला, "हां, दिसलं," म्हणाली, आणि विचारलं, "ते मशीन कुठंय?"

पुढचा सगळा वेळ मुलगी त्या खोलीत होती. मला काचेतून दोघी दिसत होत्या. ती माझ्या मुलीला पिपेट कशी धरायची ते दाखवत होती, मुलगी रंगीत पाणी एका नळीतून दुसऱ्या नळीत घालत होती, आणि दोघी हसत होत्या. माझ्या मुलीला मी तसं हसताना बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. परत येताना स्कूटीवर मागून ती बोलतच होती, दीदी असं म्हणाली, दीदी तसं म्हणाली. सिग्नलला थांबले तेव्हा तिनं विचारलं, "आई, तू नाही का शिकलीस हे?"

मी म्हणाले, "हेल्मेट नीट लाव."

त्या पावसाळ्याच्या अखेरीस तापाची साथ वाढली. ओपीडीत रांगा लागल्या. आणि नेमकं तेव्हाच तिचं मशीन बिघडलं. खरं म्हणजे मशीन बिघडलं नव्हतं. प्रत्येक खेपेला नमुन्यांबरोबर एक नळी नुसत्या पाण्याची ठेवतात. तिच्यात रेघ चढता कामा नये. त्या दिवशी पाण्याचीही रेघ चढली. म्हणजे कुठंतरी आधीच्या डीएनएचा अंश उडून सगळीकडं बसला होता, आणि त्या खेपेचा एकही निकाल खरा मानता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मॅडमचा आवाज चढला. ती ब्लीचनं खोलीतली प्रत्येक वस्तू पुसत होती, डोळे लाल, नाक ओढत.

मी माझ्या टेबलावर बसून स्लाइड बघत होते आणि मला आतून फार बरं वाटत होतं. उन्हातून आल्यावर पाणी प्यायल्यासारखं.

त्याच दिवसांत वैजापूरहून एक बाई आली, कापूस वेचायला जाणारी, बरोबर सासू. तिला आधी फाल्सिपेरम झाला होता आणि गावाकडं गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला होता. आता पुन्हा ताप. सासू माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "बाई, गोळ्या समद्या खाल्ल्या हिनं, म्या सोताच्या हातानं दिल्या. तरी ताप का जात नाय वो?"

कार्डावर रेघ उमटली होती, मलेरिया. पण कार्ड जंतू बघत नाही, त्यानं सोडलेलं प्रथिन बघतं. जंतू मेला तरी ते प्रथिन काही आठवडे रक्तात फिरत राहतं. वॉर्डातल्या डॉक्टरांना हीच शंका होती, म्हणून त्यांनी स्लाइड तातडीनं मागितली. मी जाड थेंब पूर्ण चाळला, पातळ थर चाळला. स्वच्छ होता. मी फोन करून सांगितलं, "सर, जंतू नाही." पुढं टायफॉइड निघाला, औषध बदललं, बाईचा ताप उतरला. जाताना सासूनं माझ्या टेबलावर चार सीताफळं ठेवली.

मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघा, शेवटी स्लाइडच." मी मान खाली घातली, पण कान तिच्याकडंच होते. ती ब्लीचचे हातमोजे काढत म्हणाली, "ताई, बरं झालं मशीन बंद होतं. ते पण फसू शकतं. मेलेल्या जंतूचा डीएनए सापडला असता तर मीही पॉझिटिव्ह दिलं असतं."

तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही. ती थोडी वाईट असती तर माझं काम किती सोपं झालं असतं.

मग मशीन सुरू झालं. आणि पुढच्याच आठवड्यात मुकुंदवाडीचा एक सेंट्रिंगवाला भरती झाला. तिशीतला, अंगानं दणकट, पण थंडीनं कॉट हलवत होता. माझ्या स्लाइडमध्ये व्हायवॅक्स भरपूर. फुगलेल्या पेशी, ठिपके, सगळं ठळक. मी व्हायवॅक्स लिहून निकाल दिला आणि पुढची काच घेतली. रांग मोठी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, तो मुकुंदवाडीचा पेशंट. माझ्याकडं दोन्ही आलेत. व्हायवॅक्स पण आणि फाल्सिपेरम पण."

मी हातातली काच खाली ठेवली. "वॉर्डात?"

"आधी तिथंच फोन केला. स्लाइडमध्ये नुसतं व्हायवॅक्स होतं म्हणाले. त्यांनी औषध बदललंय." मग थांबून म्हणाली, "मॅडमना अजून नाही सांगितलं. तुम्ही एकदा परत बघता का? कदाचित असेल कुठंतरी."

मी काच काढली. ती माझ्या मागं उभी होती. मला तिचं उभं राहणं नको होतं, पण जा म्हणवत नव्हतं. मी पातळ थर एका कडेनं सुरू केला. व्हायवॅक्स, व्हायवॅक्स, व्हायवॅक्स. बराच वेळ काही नाही. मग एका टोकाला, जिथं थर विरळ होतो तिथं, एका साध्या न फुगलेल्या पेशीच्या काठाला चिकटलेली ती बारीक कडी. तिच्यापुढं आणखी एक. होती. काल पण तिथंच होती.

"आहे," मी म्हणाले आणि बाजूला सरकले. तिनं बघितलं. "किती थोडे आहेत ताई, कोणालाही दिसले नसते." मग अगदी सहज, "निकालात दुरुस्ती करून टाका ना. मॅडमनी अजून निकाल शेजारी शेजारी लावलेले नाहीत."

तिला मला वाचवायचं होतं. मला ते कळत होतं, आणि त्या कळण्यानं माझं अंग पेटलं. माझ्याकडून शिकलेली मुलगी माझ्यावर दया करत होती. मी म्हणाले, "नाही. मी व्हायवॅक्स दिलंय, ते तसंच राहील. अभ्यास आहे तो."

"पण ताई..."

"तुझं मशीन बरोबर, माझी स्लाइड चूक. तसंच लिहिलेलं राहू दे."

ती गेली. पुढं कोणीतरी या गोष्टीबद्दल माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, तेव्हा मला कसंतरीच झालं. प्रामाणिकपणा कसला! तिच्या हातून काही घ्यायचं नव्हतं मला. सेंट्रिंगवाला बरा झाला, पायानं चालत घरी गेला. त्याला ना मी माहीत, ना ती.

अभ्यास संपला. सगळे निकाल शेजारी लावले तेव्हा जे दिसलं ते आम्हाला थोडंफार आधीच कळलेलं होतं. कार्ड सगळ्यात लवकर सांगायचं, खेड्यातल्या उपकेंद्रावर त्याला तोड नव्हती, पण जंतू थोडे असले की ते गप्प बसायचं आणि बरा झालेला पेशंटही आजारी दाखवायचं. पीसीआरनं सगळ्यात जास्त पकडले, मिसळलेले दोन दोन जंतू तर जवळजवळ सगळे त्यानंच पकडले, पण निकाल हातात पडेपर्यंत पेशंट निम्मा बरा किंवा निम्मा वाईट झालेला असायचा. स्लाइड या दोघांच्या मधे कुठंतरी होती. जंतू किती, कुठल्या अवस्थेत, औषधानं कमी होतायत की नाही, हे फक्त तीच सांगायची. मॅडमनी लिहिलं की बघणारा अनुभवी असेल तर. ते वाक्य माझ्यासाठी होतं. मी ते घरी नवऱ्याला वाचून दाखवलं. मुलीला दाखवलं नाही.

शहरातच एका परिषदेत तो अभ्यास मांडायचा होता. मांडला तिनं. निळा सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी नीट, हातात तो लाल दिवा फेकणारा पॉइंटर. मी मागच्या रांगेत बसले होते, शेजारी माझी मुलगी, हट्टानं आलेली. माझ्या स्लाइडचा फोटो पडद्यावर भिंतीएवढा मोठा झाला, तीच मुकुंदवाडीची कडी. ती म्हणाली, "हा जंतू पीसीआरनंतर पुन्हा शोधून दाखवणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सहकारी इथं बसल्या आहेत." लोकांनी मागं वळून टाळ्या वाजवल्या. मला उभं राहावं लागलं. मुलीनं माझा हात धरला होता. टाळ्या माझ्याच होत्या, पण त्या तिनं मिळवून दिल्या होत्या, आणि एवढं एक सोडून बाकी सगळं मी विसरू शकले असते.

त्या परिषदेनंतर तिला बेंगळुरूच्या एका संस्थेत पीएच.डी.ची जागा मिळाली. जायच्या आधी मशीन कोणाला तरी शिकवायचं होतं. मॅडमनी या वेळी माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, "शिकाल का?" मी हो म्हणाले. चपला बाहेर काढल्या आणि आत गेले.

आत फारच थंडी होती. ती माझ्या मागं उभी राहून सांगायची, "ताई, टीप बदला," "ताई, नळीचं झाकण आधी," "ताई, श्वास सोडून मग." शिकवताना मी तिच्यावर कधीतरी ओरडले होते. ती एकदाही ओरडली नाही. पहिल्या खेपेला माझी एकही रेघ वर गेली नाही, ज्या नक्की जायला हव्यात त्याही नाहीत. ती म्हणाली, "माझंही पुण्यात असंच झालं होतं. मी तिथल्या बाथरूममध्ये जाऊन रडले." हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

ती बेंगळुरूला गेली त्याच्या पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या आसपास, एका सकाळी तिचा फोन आला. आवाज बसलेला. "ताई, अब्बांना चार दिवसांपासून ताप आहे. बाहेर कार्ड केलं, निगेटिव्ह आलं. माझा विश्वास नाही. त्यांना तुमच्याकडं पाठवू?"

तिचे वडील रिक्षातून आले, शाल गुंडाळून. बारीक चणीचा माणूस, बोटांवर तेलाचे डाग पक्के बसलेले. बाकावर बसले आणि बोट पुढं केलं. मी सुई काढेपर्यंत त्यांनी सुरुवात केली. "मेरी बेटी बोली, कहीं और नको जाना, ताई के पास जाना." मग तिचं कॉलेज, तिचं हॉस्टेल, तिची इंग्रजी, तिनं पाठवलेला मोबाईल. ताप चढलेला असताना माणूस अर्धा तास मुलीबद्दल बोलला. माझ्या मनात आलं, आमची मुलगी माझ्याबद्दल असं कुणापुढं बोलत असेल का? बोलत असेल तर काय बोलत असेल?

मी स्लाइड केली आणि पीसीआरही लावलं. दोन्ही मीच बघितलं. जाड थेंब शेवटच्या कडेपर्यंत बघितला, मशीनमधल्या पाण्याची नळी सपाट, त्यांचीही सपाट. मलेरिया नव्हता. छातीचा फोटो काढायला लावला, न्यूमोनिया निघाला. भरती झाले, अँटिबायोटिक लागू पडलं, आठवड्यानं दुकान उघडलं.

मी बेंगळुरूला फोन लावला. "मलेरिया नाही. मी स्वतः दोन्ही बघितलंय."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. मी फोन कानाला धरून उभी राहिले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "ताई, इथं सगळे लई हुशार आहेत. मला रोज वाटतं मला काहीच येत नाही. एक मुलगी आहे, तिच्याकडं बघितलं की माझं पोट दुखतं."

मी तिला म्हणाले, "जेवण वेळेवर कर." पण त्या दिवशी घरी जाताना मला तिची पहिल्यांदा काळजी वाटली.

आता माझी मुलगी बायोटेक्नॉलॉजीला आहे. सल्ला लागला की फोन बेंगळुरूला जातो, आणि मी स्वयंपाकघरात भाजी चिरत त्यांचं बोलणं ऐकते. तासतास बोलतात. कधीकधी मला राहवत नाही, मी ओट्याजवळून ओरडते, "तिला म्हणावं, माझ्याशी पण बोल जरा." मुलगी फोन स्पीकरवर टाकते. मग आम्ही तिघी बोलतो, बहुतेक वेळा त्याच दोघी बोलतात, आणि मी मधेमधे हं म्हणते.